पाणी पिऊन देवानंद परांचीवर चढला होता

देवानंद, तुझ्यावर पहिला अन्याय झाला तो मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता. बालाघाटच्या लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलच्या भिंतीवर तू मिलचं नाव रंगवत होतास. बांबूच्या परांचीवरची फळी सरकली आणि तू खाली, धान वाळवायच्या फरशीवर आलास. कमरेला दोर नव्हता. दुसरा अन्याय झाला तो त्याच दिवशी दुपारी दोन वाजता. ज्या ठेकेदारानं तुला त्या फळीवर चढवलं, त्यानंच जबाब लिहून दिला: "वो काम पर नहीं था. पानी पीने अंदर आया था."

पाणी प्यायला! तुझी दहाही बोटं निळी होती. उजव्या हाताचा ओघळ कोपरापर्यंत सुकला होता. आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली, लेकाचे हात स्वच्छ करायला, आणि मी तिचा हात धरला. "राहू द्या आई, पुसू नका." ती माझ्याकडं अशी बघत राहिली जशी मी तिची सून नाही, कोणी परकीच आहे. त्या निळ्या हातांनीच तू गेलास. ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, पेंटर आदमी है, रंग तो पहले का होगा.

मी त्याच दिवशी चार वाजता मिलवर गेले होते. भिंतीवर दोनच शब्द होते, 'राइस मिल', आणि बोट लावलं तर बोटाला लागत होते. मालकाचं नाव नव्हतंच. तू शेवटचा शब्द आधी लिहितोस हे त्यांना काय माहीत! मी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत रंग दिसतो, रंग ओला आहे हे दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यावर चुना मारलेला होता. म्हणे जुनंच लिहिलेलं होतं, खराब दिसत होतं. जुनं होतं तर अर्धं कसं होतं? कोणता मालक भिंतीवर नुसतं 'राइस मिल' लिहून घेतो आणि स्वतःचं नाव विसरतो?

मी संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळं माझं सगळं असं प्रश्नचिन्हांनी भरलेलं असतं. तू असतास तर यातली अर्धी काटली असतीस. सात वर्षं आपलं काम असंच चाललं. मी घोषणा लिहून आणायची, तू भिंत विती-वितीनं मोजायची आणि म्हणायचं, "चार शब्द काट." मी म्हणायची, काटले तर दम जाते. तू म्हणायचास, "दम वाचनाऱ्यात पाहिजे. भिंतीत नाही." मग तू कोळशानं खुणा करायचास आणि उजव्या टोकाकडून, शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायचास, म्हणजे भिंत मधेच संपत नाही आणि शब्द एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. कटंगीच्या बाजारात लोक उभे राहून अंदाज बांधायचे की आता पुढं, म्हणजे मागं, काय येणार. आपलं पोट तुझ्या दुकानांच्या पाट्यांवर आणि मिलच्या भिंतींवर चालायचं. पण तू मनापासून जे लिहिलंस ते माझं होतं, अर्धं काटून.

आणि तुझा तो नियम. ज्या घरचं पाणी प्यायलो नाही, त्या घरच्या भिंतीवर लिहायचं नाही. भिंत घरची असो की गोदामाची की मिलची, आधी आत जायचं, पाणी मागायचं. गिलासात दिलं तर ब्रश काढायचा. वरून ओंजळीत ओतलं, किंवा बाहेरचा हातपंप दाखवला, तर डबे उचलून पुढं निघायचं, एक शब्द न बोलता. आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीपासून ते पार तुमसरच्या बसच्या रस्त्यापर्यंत तुझी अक्षरं कुठं आहेत आणि कुठं नाहीत, एवढं बघितलं तरी कोणत्या घरी आपल्या माणसाला गिलास मिळतो ते कळतं. मला हे फार उशिरा कळलं. मला वाटायचं तुला तहान जास्त लागते.

आता बोलोन्याचं बोलते. दीड वर्षं आपण त्यावर भांडलो आणि भांडण संपायच्या आत तू गेलास.

फोटो काढणारी एक मुलगी आपल्याकडं आली होती. तिनं तुझ्या भिंतींचे फोटो नेले आणि काही महिन्यांनी इटलीतून बोलावणं आलं. बोलोन्या नावाच्या जुन्या शहरात हातानं अक्षरं रंगवणाऱ्यांचा मेळावा होता. देशोदेशीचे पेंटर एकेक भिंत रंगवणार होते. तुला एक भिंत, आणि मी तुझी दुभाषी. तू निघताना आई म्हणाली, "तिकडं काय लिवशीन? त्या लोकायले वाचता येते का आपलं?" तू म्हणालास, "इथल्यायले तरी कुठं येते आई? सारे हिंदीच वाचून राह्यले."

पोचलो त्या दिवशी दुपारी आपण झोपायला हवं होतं. दोन विमानं आणि एक आगगाडी करून आलो होतो. तू शर्ट धुऊन खिडकीत टांगलास आणि म्हणालास, "चाल, भिंत पाहून येऊ." मी म्हटलं, उद्या ते स्वतः नेणार आहेत. "उद्या ते दाखवतीन. आज मले पाहाची हाय." असे आपण निघालो. माझ्या हातात त्यांनी दिलेला नकाशा, तुझ्या खिशात आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. तुझे बालाघाटहून घेतलेले नवे बूट चावत होते आणि तू ते कबूल करत नव्हतास.

पहिल्या वळणावरच तू थांबलास. अख्खं शहर गेरूच्या रंगाचं. भिंती लाल, तांबड्या, कुठं पिकल्या संत्र्यासारख्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कमानींवर घरं पुढं आलेली आणि त्यांच्या खाली लांबच लांब सावलीची वाट. एका घराची कमान संपली की दुसऱ्याची सुरू. तू म्हणालास, "पाह्य, साऱ्या गावाची एकच ओसरी. कोनाले उठवत नाही कोनी." लोक खांबांना टेकून बोलत बसले होते. तू प्रत्येक भिंतीवरून तळहात फिरवत चाललास. गिलावा कसा आहे, रंग किती पिईल, हे तुला हातानं कळायचं. समोरून येणारी एक बाई बाजूला सरकली. मी म्हटलं, हात खाली घे, लोक बघून राह्यले. तू म्हणालास, "पाहू दे. मी काय गालावरून फिरवून राह्यलो?"

मोठ्या चौकात आपण आलो. तिथलं चर्च आठवतं? खालून अर्ध्यापर्यंत गुळगुळीत संगमरवर आणि वर नुसत्या उघड्या विटा. कित्येक शतकं तसंच. मी नकाशाच्या मागचं वाचून तुला काहीतरी मोठं सांगायला लागले आणि तू मान वर करून म्हणालास, "याचा ठेकेदार पळाला वाटते." मी इतकी हसले की पायऱ्यांवर बसलेली पोरं वळून बघायला लागली. पुढं ते दोन जुने मनोरे. एक इतका कललेला की त्याच्याभोवती लोखंडी कठडे लावून रस्ता बंद केला होता. तू त्या कठड्यांशीच जास्त वेळ उभा राहिलास. म्हणालास, "पडला नाही अजून. पडन असं वाटलं तं लोकायले आधीच दूर केलं."

त्याच्या मागच्या गल्लीत एका इमारतीला पोलादी परांची बांधली होती आणि तीन रंगारी काम आवरत होते. जाळी लावलेली. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर अडकवलेला. त्यातला एक टोपी काढत खाली आला तसा तू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलास. तुला इटालियन येत नाही, त्याला वऱ्हाडी येत नाही. तू तुझी निळी-पिवळी नखं दाखवलीस. त्यानं त्याची पांढरी दाखवली. झाली ओळख! मग त्यानं पट्टा सोडून तुझ्या कमरेला बांधला आणि मागून खेचून दाखवलं. तू डुललास. मी फोटो काढायला मोबाईल काढला तर तू हात आडवा केलास. पट्टा परत करताना तू मला म्हणालास, "आपल्याकडं दोर फकस्त बादली चढवाले असते." तेव्हाही मी हसलेच. मला ते तुझ्या नेहमीच्या टोमण्यांतलं एक वाटलं. मी पत्रकं लिहिणारी बाई, देवानंद. विस्थापितांवर लिहिलं, धानाच्या खरेदीवर लिहिलं, शाळांवर लिहिलं. माझा नवरा रोज दोराशिवाय चढतो, यावर मी एक ओळ लिहिली नाही. ते मला घरातलं वाटायचं. घरातल्यावर कोण पत्रक काढतं?

आठ वाजले तरी ऊन होतं. कॉलेजच्या बाजूच्या रस्त्यांवर भिंती पोरांच्या घोषणांनी भरलेल्या. तुला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तू वाचत होतास. "हे पयता पयता लिवलं. हे दोघांनी मिळून. ह्यानं भिंतवाल्याले इचारलं नाही, पाह्य, खिडकीवरूनच गेला." मी म्हटलं, अरे, इथं अशीच पद्धत आहे, हा निषेध आहे. तू म्हणालास, "निषेध सरकारचा ना? मंग ह्या मानसाच्या खिडकीनं काय केलं?"

मग आपली गल्ली सापडली. आपली भिंत. दोन दारांच्या मधली, फिकट लाल, नुकतीच रंगवलेली. तू विती टाकल्यास. बत्तीस. माझं वाक्य होतं, 'पाणी ही कुणाच्या बापाची जहागीर नाही'. तू म्हणालास, "जहागीर काट." मी म्हणाले, अजिबात नाही. असं हसतखेळत चाललं होतं. आणि मग तू दाराकडं वळलास. "पानी मागतो."

मी सांगितलं की नगरपालिकेची परवानगी आहे, कागद आहे, मेळाव्यानं सगळं केलं आहे. तू विचारलंस, "नगरपालिका ह्या घरात राह्यते का?" मी म्हटलं, तहान लागली असेल तर चौकात नळ आहे, कारंज्याजवळ, चोवीस तास वाहतो, कोणी कोणाला विचारत नाही. तू म्हणालास, "नळाचं पानी तहानेसाठी. भिंतीसाठी घरचं लागते."

तेव्हा मी बोलले. इथं लिहिते, कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "आपल्या सात पिढ्या पानी मागता मागता मेल्या. इथं तरी मागू नको. मले लाज वाटते."

तू माझ्याकडं बघितलंस.  दाराशेजारी सहा बटणं होती, सहा नावं. कोणतं दाबायचं हे दुसऱ्या कोणी आधी विचारलं असतं. तू सहाही दाबलीस, एकामागोमाग एक, कारण भिंत साऱ्यांची आहे.

वर खिडक्या उघडल्या. एक कुत्रा भुंकायला लागला. बनियनवरचा एक माणूस काहीतरी ओरडला. मला वाटलं आता पोलीस येणार आणि पहिल्याच दिवशी मेळाव्याच्या यादीतून आपली नावं जाणार. दारात आल्या दोघी. तळमजल्यावरची एक म्हातारी बाई, हातात चष्मा, आणि तिच्या मागं वरच्या मजल्यावरची एक विद्यार्थिनी, जिला इंग्रजी येत होतं. तुला विमानात शिकलेला एकच शब्द येत होता. तू म्हणालास, "अक्वा." आणि छातीवर हात ठेवलास.

बाईनं तुझ्या बुटांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आत गेली. ट्रे घेऊन आली. दोन काचेचे गिलास, नक्षी कोरलेले, घरात पाहुणे आल्यावर काढतात तसे. आपण उभ्याउभ्या प्यायलो. मग तू मला म्हणालास, "आता सांग त्यायले, उद्या इथं लिवाचं हाय, चालते का?" मी इंग्रजीत सांगितलं, मुलीनं इटालियनमध्ये. बाईचा चेहरा बदलला. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. ती भिंतीकडं हात करून बोलायला लागली, मुलगी भराभर सांगायला लागली. आम्ही ही भिंत कितीदा पुसली. पोरं येतात, लिहून जातात. तुम्ही चांगले लोक आहात, पण मी दुसऱ्यांचे शब्द वाचून दमले आहे. मला माझ्या घराबाहेर पडल्यावर नुसती भिंत बघायची आहे.

मी तुला सांगितलं, ती नको म्हणते. तू मान हलवलीस. "बरं." गिलास दोन्ही हातांनी परत दिलास. बाईला पुऱ्या दिल्यास. तिनं एक लगेच खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली.

येताना त्या लांबच लांब ओसरीतून मी पुढं आणि तू मागं. मी तणतणत होते. सात समुद्र ओलांडून आलो आणि एकाच संध्याकाळी भिंत घालवलीस! बालाघाटच्या पेंटरला कोण पुन्हा बोलावणार आहे? परवानगी होती, गुपचूप लिहिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. तू मागून म्हणालास, "काहून चिडून राह्यली? नाही म्हनाली. पन गिलासात पानी देऊन म्हनाली." मी वळून म्हटलं, त्यानं काय झालं? तू म्हणालास, "आपल्याकडं हौ म्हनते तरी वरून ओततेत."

 दुसऱ्या दिवशी मेळाव्याच्या लोकांनी तुला परोपरीनं समजावलं. कागद दाखवला. तू म्हणालास, कागदानं पाणी दिलं नाही. शेवटी त्यांनी मेळाव्याच्या अंगणात एक प्लायवूडचा फळा उभा केला आणि तू त्यावर लिहिलंस, शेवटचा शब्द आधी, त्यामुळं कितीतरी वेळ फळ्यावर नुसतं मोठं 'नाही' होतं. जहागीर काटलीस ती काटलीसच. बाकीच्या पेंटरांच्या भिंती शहरात आहेत. आपला फळा कुठं आहे, कुणास ठाऊक.

दीड वर्षं मी तुला हे ऐकवलं. भाजी चिरताना, बसमध्ये, भरवेलीच्या कॉलनीत पाट्या रंगवताना. अजूनही सांगते, तू अर्धा चुकलास. चळवळ प्रत्येक दारावर बटण दाबत बसली तर एकही भिंत रंगणार नाही. ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांना पाणी मागायचं? तू त्यावर 'सांगतो कधीतरी' म्हणाला होतास. तू पडलास त्याच्या आदल्याच संध्याकाळी, सोमवारी, बोलोन्याच्या त्या विद्यार्थिनीनं मोबाईलवर फोटो पाठवला. त्याच भिंतीवर पोरांनी काळ्या रंगानं काहीतरी खरडलं होतं. मी ताटावर बसल्या बसल्या तुला दाखवलं. "पाह्य तुह्या बाईची भिंत. लिवलंच कोनी तरी." तू घास चावत बघितलंस. "मंग? म्या तं नाही लिवलं ना?" आणि हसलास. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तू डबे घेऊन निघालास, तेव्हा मी एका पत्रकाची प्रूफं बघत होते. मान वर केली नाही.

लाज वाटते म्हणाले होते, ते परत घ्यायचं राहिलं. ते मी तुझ्याबद्दल बोलले असं तुला वाटलं असेल का? मी लहानपणच्या माझ्याच एका ओंजळीबद्दल बोलत होते. ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्या मास्तरीणबाईंच्या घरी मी वही द्यायला गेले होते आणि त्यांनी वरून पाणी ओतलं, आणि माझा फ्रॉक भिजला. तू ते दारोदार जाऊन तपासत होतास, उघड, रोज. मी मोठी होऊन स्वतःची पाण्याची बाटली बाळगायला शिकले. आपल्या दोघांत लढणारा कोण होता ते आता मला दिसतं, पण आता ते तुला ऐकवून काय करू?

तुझ्या नावानं केलेल्या जलदान विधीला बुद्धविहारात वस्ती जमली होती. मिलमधला एक हमाल सगळ्यांच्या मागं उभा होता. लोक गेल्यावर जवळ आला. म्हणाला, "वहिनी, त्यानं सकाळी नऊले आमच्यापाशी पानी मांगतलं. म्या माह्या गिलासात देल्लं. पेला, अन् चढला वरतं. पडला तवा आम्ही पाचजन होतो आवारात. साऱ्यायनं पाह्यलं." मी म्हटलं, दादा, हे चौकशीत सांगाल? तो म्हणाला, "तिथंच काम कराचं हाय मले, वहिनी. धानाचा सिझन आला." त्याला मी दोष देऊ शकले नाही. त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याला जाऊ दिलं. घरी येऊन भांडी आपटली.

म्हणजे ठेकेदाराच्या जबाबात एक शब्द खरा आहे. तू पाणी प्यायलास. नऊ वाजता. आणि तू पाणी प्यायलास म्हणूनच तू कामावर होतास, कारण तू कोणाच्या आवारात उगीच पाणी प्यायचा नाहीस. तुझं काम पाण्यापासून सुरू व्हायचं, हे कटंगीपासून लालबर्र्यापर्यंत ज्याची भिंत तू रंगवलीस त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या माणसानं तुझी रीतच उचलली आणि तिच्यानंच तुझं काम पुसलं. चुना तर भिंतीवरचा होता, हा तुझ्यावरचा आहे.

हे शब्दांचं भांडण आहे असं कोणी समजू नये. तू पाणी प्यायला आलेला वाटसरू ठरलास तर तुला दोर देणं कोणावरच बंधनकारक नव्हतं. तुझ्या नावाची हजेरी नाही, म्हणून फळी कोणी बांधली हे कोणी विचारणार नाही. आणि परवा मी त्या रस्त्यानं गेले. भिंत पांढरी आहे. परांची तीच आहे, बांबू तेच, फळी तीच, पलटून टाकलेली. सिवनीकडचा एक पेंटर बोलावला आहे, म्हणतात. त्याच्या घरी कोण आहे मला माहीत नाही. बहुतेक त्याची बायको पण सध्या कोणत्या तरी कामात असेल आणि तो निघताना मान वर करणार नाही.

थांब देवानंद. तुझ्याशी बोलणं मी बंद करत नाही, पण आता मला हे पत्रक हातात धरलेल्या माणसाशी बोलायचं आहे.

तुम्ही. देवानंदच्या मृत्यूची चौकशी येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता लालबर्र्याच्या तहसील कचेरीत आहे. त्या सकाळी आवारात जे पाचजण होते, त्यांची नावं मी छापणार नाही. तुम्हाला ती माहीत आहेत. ते तुमच्या गावचे आहेत, तुमच्या बसला असतात, तुमच्या शेजारी बसून जेवतात. कोणी एकटा बोलला तर सिझनचं काम जाईल, ही त्यांची भीती खरी आहे. म्हणून पाचही जण एकत्र आले पाहिजेत, आणि त्यांच्या मागं तुम्ही उभं राहिलं पाहिजे, म्हणजे काढायचं कोणाला हे ठेकेदाराला ठरवता येणार नाही. भाषण करायचं नाही. घोषणा द्यायची नाही. एवढंच सांगायचं: देवानंद कामावर होता, परांचीवर होता, दोर नव्हता, आम्ही पाहिलं. आणि खाली सही किंवा अंगठा.

हे वाचून झालं की आजच उठा, त्या पाचांतला जो तुमच्या ओळखीचा आहे त्याच्या घरी जा, आणि सोमवारी त्याला सोबत घेऊन या.